वाफ बसल्यानंतरचं झाकण

शिट्टीमास्तरांच्या दुकानात शिरायचं तर आधी मान वाकवावी लागे. दारावरच्या दोरीला कुकरची झाकणं ओळीने टांगलेली असत, आणि नवखं गिऱ्हाईक हमखास त्यातल्या एकावर कपाळ आपटून घेई. मग आतून मास्तर मान वर न करता विचारत, "झाकणाला काही झालं नाही ना?"

दुकान एवढंसं. दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. एका बाजूला लाकडी फळीवर बसवलेला, झाकण आवळून धरायचा पकडशेगडा, त्याच्या शेजारी एका बर्नरची शेगडी, खाली पाण्याचं घमेलं आणि स्क्रू, नट, जुनी रबरं टाकायला पत्र्याचा एक ट्रे. मागच्या भिंतीवर वडिलांच्या हातची पाटी होती. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी तांबड्या रंगात, ओळ थोडी वर चढत गेलेली, असं लिहिलं होतं: वाफ बसल्याशिवाय झाकण उघडू नये.

मास्तरांना शिट्टीमास्तर हे नाव गल्लीने दिलं होतं. शिट्टी ऐकून ते कुकरचं दुखणं सांगत. सकाळी दुकान उघडायला निघाले की वाटेतल्या एखाद्या खिडकीतून फुसफुस ऐकू येई आणि मास्तर खालूनच हाक देत, "ताई, रबर गेलंय तुमचं. गॅस फुकट जाळताय." आतली बाई खिडकीत येऊन म्हणे, "आमच्या घरात कान लावून चालता होय?" पण दुपारी कुकर घेऊन येई.

थंडी पडली की कामाला ऊत येई. रबर थंडीने आखडतं, कडक होतं, झाकणात सैल बसतं. बायका यायच्या आणि सांगायच्या, कालपर्यंत चांगला होता हो. उन्हाळ्यात पुन्हा वेगळी गाऱ्हाणी. कुणाचा पेला पेल्यात अडकलेला असे. मास्तर बाहेरचा पेला गरम पाण्यात धरत, आतल्यात गार पाणी ओतत, आणि हाताला हलकासा पीळ देत. बाहेरचा थोडा फुगे, आतला थोडा आकसे आणि केसाएवढी जागा होई. तेवढी पुरे. याचे ते पैसे घेत नसत.

सगळ्यात जास्त कुकर यायचे ते न निघणाऱ्या झाकणांचे.

"मास्तर, कालपासून निघत नाही बघा. ह्यांनी शेवटी हातोडी घेतली."

"कुणावर?"

"अजून तरी कुकरवरच."

"घाई नडली असं तुम्हाला वाटत असेल. घाई नाही नडली, उशीर नडला. गॅस बंद केलात आणि विसरलात ना?"

"पाहुणे आले होते हो."

"मग कुकरचं काय चुकलं? गरम असताना वाफ आतून ढकलत असते. तेव्हा उघडलंत तर तोंड भाजतं. पण पार गार झालं की तीच वाफ चमचाभर पाणी होऊन तळाला जाते. भांडंभर जागा होती तिची, ती रिकामी पडते. शिट्टीच्या नळीत कचरा असला तर बाहेरची हवा आत शिरत नाही, मग ती झाकणावर बसते. पंगतीत बसलेल्या जाडजूड पाहुण्यासारखी. ओढून उठत नाही."

"मग उठवायचं कसं?"

"ऊब द्यायची. थोडीच."

घमेल्यात गरम पाणी घेऊन ते कुकर त्यात ठेवत, झाकणावरूनही एक तांब्या ओतत. धातू किंचित पसरे, आतली उरलीसुरली हवा तापून पुन्हा अंग धरी, आणि झाकण 'पक्' असा एक लहान आवाज करून सुटे. त्या आवाजाने बाईचा चेहरा उजळत असे. मास्तरांचाही. मग तार घेऊन ते आतल्या बाजूने शिट्टीची नळी साफ करत. कचरा ट्रेमध्ये पडे.

भांड्यांच्या बाबतीत मास्तरांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. लवकर उघडू नये, आणि फार उशीरही करू नये. घराच्या बाबतीत त्यांनी पहिलीच तेवढी पाळली.

त्याला कारण अप्पा होते. अप्पांनी दुकानातली पाटी घरातही चालवली. घरात कुणी रागावलं की अप्पा बोट वर करत आणि म्हणत, "वाफ बसू द्या." मग त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. तो आपणहून बोलेपर्यंत त्याचं ताट वाढून ठेवायचं, अंथरूण घालून ठेवायचं, पण शब्द काढायचा नाही. आई हसून म्हणायची, "आमच्याकडे रागावलेल्या माणसाला देवासारखं वागवतात. नैवेद्य दाखवायचा आणि गप्प बसायचं." शेजारीपाजारी भांडणं व्हायची, ताटं फेकली जायची. या घरात कधी आवाज चढला नाही. अप्पांना त्याचा अभिमान होता. झाकण केव्हा उघडू नये ते अप्पांनी मुलांना शिकवलं. केव्हा उघडावं हे शिकवायच्या आधी ते गेले, किंवा त्यांनाही ते ठाऊक नसावं.

मागे दोघे भाऊ राहिले. थोरले मास्तर आणि धाकटा बारक्या.

बारक्या दुकानाचा जीव होता. हात मास्तरांचे, तोंड बारक्याचं. मास्तर शिट्टी ओळखत, बारक्या ती वाजवी. तोंडाने, अगदी हुबेहूब. जीभ टाळूला लावून अशी काही हवा सोडी, की समोरच्या माडीवरची काकू कुंडीतली खुरपी टाकून स्वयंपाकघरात धावे. मग तिथूनच ओरडे, "मेल्या बारक्या, अजून कुकर चढवलासुद्धा नाही मी!" गल्ली हसे. मास्तर खोटंखोटं दटावत, "गिऱ्हाईक आहे ती आपली." बारक्या म्हणे, "म्हणून तर फुकट शिट्टी दिली."

कुकर कुठे गळतोय ते बघायला नळी बंद करावी लागे. त्याची युक्ती बारक्याने काढली होती. काडेपेटीतली काडी घ्यायची, तिच्यावर दोरा गुंडाळायचा, दोरा साबणात घोळायचा आणि ते बूच नळीत दाबून बसवायचं. मग कुकर पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. बाजारात रबरी बुचं मिळत होती, पण मास्तरांना काडीचंच बूच बरं वाटे. दोरा बारक्या नेहमी उलटा गुंडाळी, डावखुरा होता म्हणून.

ज्या दिवशी सगळं बिघडलं त्या दिवशी दुकानात गर्दी होती. बारक्या एका बाईला तिचा कुकर चालवून दाखवत होता आणि गप्पा मारत होता. शिट्टी झाली, त्याने गॅस बंद केला आणि बोलता बोलता, वाफ पुरती बसायच्या आत, झाकण फिरवलं. झाकण उडालं. बाईच्या मनगटावर पाणी उडालं, बारक्याचा तळवा भाजला. फार नाही. बाईने हात घमेल्यात बुडवला, तिला मलम लावलं, तीच म्हणाली, "असू दे हो, माझ्याच बडबडीने झालं."

पण मास्तरांचा आवाज चढला. या घरात कधी न चढलेला आवाज त्या दिवशी चढला आणि तोही रस्त्यावर.

"पाटी वाचता येत नाही तुला? लहानपणापासून डोक्यावर टांगलीय! अप्पांनी तुला दुकानात बसवलं ती दया होती. तुझ्या हातात झाकणच काय, शिट्टीसुद्धा देऊ नये!"

समोरच्या माडीवरची काकू कठड्याला टेकून उभी होती, ती आत गेली. आणि मास्तरांना दिसलं की दाराशी, टांगलेल्या झाकणांच्या खाली, बारक्याची बायको जेवणाचा डबा घेऊन उभी आहे. कडेवर चिमी. चिमी तेव्हा नुकती दुडदुडू लागली होती. ती झाकणांकडे हात करून हसत होती.

बारक्याने हात पुसले. फडकं झटकलं, दोरीवर नीट वाळत घातलं. बायकोच्या हातातला डबा घेतला आणि तिला म्हणाला, "चल, घरी जेवू."

संध्याकाळी मास्तरांची बायको म्हणाली, "जाऊन बोला. शेजारच्या खोलीत तर आहेत."

"वाफ बसू दे."

"कुणाची? तुमची का त्यांची?"

"त्याची. माझी कधीच बसली."

हे खरं होतं. मास्तरांचा राग दुकानाला कुलूप घालतानाच उतरला होता. बाईच्या मनगटाचं काही विशेष नव्हतं, आणि दया वगैरे तर साफ खोटं होतं. अप्पा बारक्याला मांडीवर घेऊन बसत त्या दुकानात. पण नियम होता. रागावलेल्या माणसाने आपणहून बोलायचं. मास्तर सकाळी ओट्यावर जरा जास्त वेळ दात घासत राहिले. बारक्या बाहेर आला, तोंड धुतलं, आत गेला. त्याच्या बाजूनेही तोच नियम होता. ओरडला दादा होता. तेव्हा रागावलेला दादा. दादाची वाफ बसेपर्यंत बारक्याने बोलायचं नव्हतं. हे मास्तरांच्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. दोन भाऊ एकाच बापाचे, एकच पाटी वाचून मोठे झालेले, दोघेही एकमेकांची वाट बघत बसले.

पावसाळा संपता संपता बारक्याने दुसऱ्या गावी नोकरी धरली. तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायची. सामान टेम्पोत चढलं. मास्तर दुकानात होते. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबला. मास्तरांनी पकडशेगड्यात धरलेलं झाकण उगाचच आणखी आवळलं. टेम्पो गेला. झाकण वाकलं होतं, त्याचे पैसे भरून द्यावे लागले.

दोघी जावांचं मात्र चालू होतं. लोकरीच्या टोप्या, लोणच्याची बरणी, चिमीचे फोटो, कुणाकुणाच्या हाती येत-जात राहिलं. फोटोंतली चिमी वाढत होती. मास्तर फोटो लांब धरून बघत आणि म्हणत, "कान बारक्याचे आहेत." तेवढंच.

मग एकदा निरोप आला की बारक्याची बायको तापाने गेली. मास्तर मिळेल त्या गाडीने गेले. मास्तरांची बायको गुडघे धरल्यामुळे येऊ शकली नाही. निघताना ती म्हणाली, "आता तरी." मास्तर म्हणाले, "हो, आता तरी."

पोचले तेव्हा आवारात माणसं दाटली होती. धुलाईघरातले लोक, दवाखान्यातले लोक, शेजारी. बारक्या मधोमध खाली मान घालून बसला होता. केस पांढरे झाले होते. मास्तर फाटकाशी उभे राहिले. चार पावलं टाकली असती तर झालं असतं. पण त्यांच्या मनाने हिशेब घातला, की माणूस दुःखात आहे, त्यात आपण पुढे गेलो तर जुनं वर येईल, लोकांसमोर काही व्हायला नको. जरा निवळू दे. ते फाटकाशीच उभे राहिले, हात जोडले, आणि परतीच्या गाडीने घरी आले.

"भेटलात?"

"गर्दी फार होती."

बायकोने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "लोकांची झाकणं काढता तुम्ही. नवल आहे." आणि दिवा लावायला उठली.

त्यानंतर निरोपांची ये-जाही थांबली. पाठवणारी एक जण गेली होती, दुसरीचं लिहायला मन होईना.

अशात एका शनिवारी सकाळी, मास्तर शेगडीचा बर्नर घासत असताना, दारावर झाकण खणकलं.

"झाकणाला काही झालं नाही ना?" मास्तर मान वर न करता म्हणाले.

"झाकण बरं आहे. माझ्या कपाळाला टेंगूळ येईल."

आवाज तरुण होता. मास्तरांनी वर बघितलं. हातात पिशवी घेतलेली एक मुलगी कपाळ चोळत हसत होती. कान बारक्याचे होते.

"मोठे काका, ओळखलंत? मी चिमी."

मास्तर उठले. उठताना ट्रे कलंडता कलंडता राहिला. "बस, बस. कुठे बसशील? थांब, हे काढतो." त्यांनी स्टुलावरची रबरं उचलली आणि हातातच धरून उभे राहिले. "एवढी मोठी झालीस?"

"इथल्याच शाळेत लागलेय. विज्ञान शिकवते. चार आठवडे झाले, दर सुट्टीला घरी जाते म्हणून यायला जमलं नाही. काकू कशी आहे?"

"गुडघे. बाकी बरी." मग एकदम, "बारक्या?"

"बरे आहेत. रिटायर झाले. कानांनी कमी ऐकू येतं, बॉयलरपाशी आयुष्य गेलं ना. घरी मी ओरडूनच बोलते. शाळेत मुलं म्हणतात, बाई, इथं सगळे ऐकतात, हळू बोला." ती हसली आणि पिशवी पुढे केली. "हे त्यांनी दिलंय. झाकण अडकलंय."

पिशवीत कुकर होता. मास्तरांनी तो ओळखला. बारक्याच्या लग्नात त्यांनीच दिलेला. दांडीवरचा कंगोरा त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केला होता, नव्या नवरीच्या हाताला बोचू नये म्हणून.

"काही म्हणाला?"

"काही नाही. मी म्हटलं, तुम्हाला येतं ना काढता, मग? तर म्हणाले, हा दादाकडेच दे."

'दादाकडेच' म्हणाला, हे मास्तरांना गोड लागलं. पण लगेच दुसरा विचार आला. कामच पाठवलंय. शब्द काहीच पाठवला नाही. म्हणजे अजून आहे मनात. त्याच्या मनात असताना आपण कसं बोलावं?

त्यांनी काम सुरू केलं. हातात काम असलं की बोलावं लागत नाही. शिट्टी उचलून बघितली, हवा शिरल्याचा आवाज आला नाही. नळी बंद. नेहमीचंच. पाणी तापवलं, कुकर घमेल्यात ठेवला, झाकणावर तांब्या ओतला.

चिमी वाकून बघत होती. "मी हे मुलांना डब्यावर करून दाखवते. डबा चेपतो. मुलं टाळ्या वाजवतात."

"डबा चेपतो. कुकर चेपत नाही, जाड असतो," मास्तर म्हणाले. "नुसता आवळून धरतो."

पक् झालं. झाकण सुटलं. आत स्वच्छ होतं, तळाला घोटभर पाणी. मास्तरांनी तार घेतली, आतून नळीत खुपसली, कचरा ट्रेमध्ये पडला. रबर काढून बघितलं. चांगलं होतं, तरी नवीन घातलं. शिट्टी घासली. दांडीचा स्क्रू आवळला. कुकर फडक्याने असा पुसला की त्यात तोंड दिसावं.

चिमीने पर्स उघडली तशी मास्तरांनी हात आडवा केला. "वेडी का?"

"मी आजच जातेय घरी. बाबांना काही सांगू?"

पिशवीचे बंद धरून ती उभी राहिली. मास्तर फडकं घडी करत होते. कितीतरी वर्षं त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. आंघोळ करताना, गाडीत, रिकाम्या दुपारी. चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही आता वर येईना. आणि अप्पांचं बोट मात्र वर आलं.

"सांग," मास्तर म्हणाले, "रबर नवीन घातलंय म्हणावं."

चिमीने पिशवी खांद्याला लावली. "बस, एवढंच?"

"एवढंच."

ती वाकून नमस्कार करून गेली. जाताना तिने डोकं झाकणांखालून बरोबर वाकवलं.

संध्याकाळी दुकान आवरताना मास्तरांनी ट्रे कागदावर उपडा केला. कामाचे स्क्रू वेगळे करायचे, बाकीचं फेकायचं, हा रोजचा शिरस्ता. त्या ढिगात एक काडी होती. काडेपेटीतली. तिच्यावर दोरा गुंडाळलेला, दोऱ्याला वाळलेला साबण. मास्तरांनी ती फेकायला उचलली आणि उजेडात धरली.

दोरा उलटा गुंडाळला होता.

मास्तर स्टुलावर बसले.

नळीत कचरा नव्हताच. कुकर अडकला नव्हता, अडकवला होता. घोटभर पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, तेवढ्यात नळीत काडीचं बूच घालायचं आणि पार गार होऊ द्यायचं. झाकण असं बसतं की पहिलवानाला निघू नये. लहानपणी बारक्या हेच करायचा. दादा रुसून बसला की अप्पांच्या नियमाने बोलता यायचं नाही, आणि बारक्याला तर गप्प राहणं म्हणजे श्वास कोंडणं. मग तो दुकानातला जुना कुकर अडकवून दादासमोर ठेवायचा. बोलायचा नाही, नुसता ठेवायचा. दादाला न निघणारं झाकण दिसलं की राहवत नसे. तो ऊब देऊन काढायचा, काडी बाहेर यायची, ती हातात घेऊन दादा म्हणायचा, "काय रे बारक्या?" आणि मग दोघे बोलू लागायचे. नियमही मोडायचा नाही. अप्पांना कधी कळलं नाही.

एवढ्या वर्षांनी बारक्याने तेच केलं होतं. चिमीच्या हातून कुकर दादासमोर ठेवला होता. तिकडे तो आता वाट बघत बसला असेल, की दादा काडी बघेल आणि म्हणेल, काय रे बारक्या. आणि त्याला निरोप मिळेल की रबर नवीन घातलंय.

घरी येऊन त्यांनी काडी बायकोच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सकाळची पहिली गाडी. आणि या वेळी फाटकाशी उभे राहिलात तर परत येऊ नका."

बारक्याची खोली दवाखान्याच्या मागच्या चाळीत वरच्या मजल्यावर होती. दार चिमीने उघडलं. मास्तरांना बघून तिचे डोळे मोठे झाले, ती बाजूला झाली. बारक्या खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसला होता. पाऊल वाजलेलं त्याला ऐकू आलं नाही. कुकर मागच्या फळीवर ठेवलेला होता, पिशवीतून नुसता बाहेर काढलेला.

मास्तर समोर जाऊन उभे राहिले. बारक्याने मान वर केली. मग वर्तमानपत्राची घडी घातली.

"या," तो म्हणाला. "बसा."

सख्खा भाऊ पाहुण्याला म्हणावं तसं बसा म्हणाला. मास्तर बसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "बारक्या, चुकलं माझं."

"काय?" बारक्याने कानामागे हात धरला.

मास्तरांनी चिमीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, बाहेर बायका नळावर पाणी भरत होत्या.

"मोठ्याने बोला, काका," चिमी म्हणाली. "हळू त्यांना काहीच कळत नाही."

आयुष्यात एकदाच मास्तर ओरडले होते. आज दुसऱ्यांदा ओरडायचं होतं. त्यांनी श्वास भरला.

"चुकलं माझं!" ते ओरडले. नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. "दया नव्हती ती! खोटं बोललो मी! अप्पा तुला मांडीवर घेऊन बसायचे!"

बारक्याने कानामागचा हात काढला. मग म्हणाला, "ऐकू आलं. सगळ्या चाळीला आलं." त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "राग कधी गेला तुझा, दादा?"

"त्याच दिवशी! दुकान बंद करताना!"

"त्याच दिवशी?"

"हो! मला वाटलं, तुझा गेला नाही!"

बारक्या हसायला लागला. ते हसणं फार वेळ टिकलं नाही. "मला कुठे राग होता रे? मला लाज होती. चिमीच्या आईसमोर बोललास म्हणून. ती तर म्हणायची, जा, दादांशी बोला. मी म्हणायचो, दादाची वाफ बसू दे." त्याने डोळे पुसले. "ती गेली त्या दिवशी तुला फाटकाशी बघितलं मी. म्हटलं, आता येईल. हात जोडलेस, आता येईल. मग बघतो तर तू नाहीस."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, त्यात बांधलेली काडी काढली आणि बारक्याच्या हातावर ठेवली.

बारक्याने ती डोळ्यांजवळ नेली. "मिळाली म्हणजे. मला वाटलं, बघितली नाहीस. चिमी म्हणाली, रबर घातलंय."

"काय रे बारक्या," मास्तर म्हणाले. हे हळूच म्हणाले. पण बारक्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता, त्याला कळलं.

चिमीने चहा केला. दोघे खिडकीशी बसून प्यायले. मास्तर मोठ्याने बोलून बोलून दमले. दुकानाचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं, माडीवरची काकू गेल्याचं सांगितलं.

"परत चल," मास्तर म्हणाले. "दुकानात बस माझ्यापाशी."

"आता काय करू येऊन? शिट्टी ऐकू येत नाही मला. कुकरच्या दुकानात बहिरा माणूस." बारक्याने कप खाली ठेवला. "तेव्हा बोलावलं असतंस तर चालत आलो असतो. येईन कधी, चिमीकडे आलो की. चार दिवस. पाहुणा म्हणून."

मास्तरांनी मान हलवली. चार दिवस तर चार दिवस. त्यांना आठवलं, त्या दिवशी बारक्याने दोरीवर वाळत घातलेलं फडकं त्यांनी पुष्कळ दिवस काढलं नव्हतं.

गाडीची वेळ झाली. बारक्या दारापर्यंत आला. मास्तर चपला घालत असताना तो एकदम म्हणाला, "थांब." जीभ टाळूला लावली, गाल फुगवले आणि हवा सोडली. समोरचे दात गेले होते. फुसफुस झाली फक्त, रबर गेलेल्या कुकरसारखी. नळावरच्या एकाही बाईने मान वळवली नाही.

"जमली?" बारक्याने विचारलं. त्याला स्वतःला ऐकू आली नव्हती.

"जमली!" शिट्टीमास्तर सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "अगदी तशीच!"

आणि जिना उतरेपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही.